हौशे, नवशे, गवशे आणि गिटार

जत्रेला येणारी माणसे तीन प्रकारची असतात, असे आपल्याकडे म्हणतात : हौशे, नवशे आणि गवशे. नवशांचा देवाशी काही करार झालेला असतो. तो फेडायला ते येतात. गवशांना काही गवसायचे असते. कुणाला गिऱ्हाईक, कुणाला ओळख, कुणाला दुसऱ्याचा खिसा. हौशे मात्र नुसते आलेले असतात. पाळण्यात बसावे, रेवड्या खाव्यात, भजनाच्या घोळक्यात घटकाभर उभे राहावे आणि संध्याकाळी धुळीने माखलेले पाय घेऊन घरी परतावे, यापलीकडे त्यांचा हेतू नसतो. म्हण सांगणारे लोक हौशांचे नाव आधी घेतात आणि त्यांची किंमत सर्वांत कमी करतात.

संगीताच्या जत्रेत आज हेच चालले आहे. संगीत ही साधना आहे असे बजावणारे नवशे मानाच्या जागी बसले आहेत. संगीतातून गुण, बक्षीस, प्रसिद्धी किंवा पैसा काढू पाहणाऱ्या गवशांची गर्दी रोज वाढते आहे. आणि ज्याला वाजवावेसे वाटते म्हणून जो वाजवतो, त्या हौशाला दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्नच असभ्य आहे. तो विचारणाऱ्यांना संगीत कळत नाही, शिक्षण कळत नाही आणि माणूसही कळत नाही.

हा वाद मी गिटारच्या निमित्ताने घालणार आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळी सिडको-हडकोच्या किंवा उस्मानपुऱ्याच्या रस्त्याला उभे राहिले, की पाठीवर काळी पिशवी अडकवून दुचाकीवरून जाणारी पोरे दिसतात. त्या पिशवीत बहुधा गिटार असते. त्यांच्यात अधूनमधून वाळूजच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलेला पस्तिशीचा कामगार असतो, एखादी बँकेतली बाई असते. यातला कोणीही उद्या मैफलीत बसणार नाही. चार-पाच हजारांची गिटार घेऊन ही माणसे जे करतात, त्याला आपल्या भाषेत हौस हा एकच शब्द आहे.

या शब्दाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तो मूळचा अरबी हवस; फारसीच्या वाटेने दख्खनेत आला. उर्दूत हवस म्हणजे लालसा, वासना. वली आणि सिराज हे कवी ज्या शहराचे, त्या आमच्या शहरात हा शब्द दोन्ही अर्थांनी एकाच गल्लीत नांदतो. पण मराठीने त्याचे जे केले ते मला फार मोलाचे वाटते. तिने त्यातली हाव काढून टाकली आणि आनंद तेवढा ठेवला. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. ज्या भाषेने हा एवढा शब्द घडवला, तिच्याच बोलणाऱ्यांनी हौशी माणसाला हिणवावे, हे विचित्र आहे.

२

हौशी गिटारवाल्याला पहिला विरोध होतो तो संस्कृतीच्या नावाने. गिटार आपली नाही, असे सांगितले जाते. हे म्हणणाऱ्या माणसाला मी नेहमी विचारतो की मग आपले काय आहे? सतार हा शब्द फारसी सेहतार, म्हणजे तीन तारांचे वाद्य, यावरून आला. सनईचे मूळ शहनाई. सरोदचा पूर्वज अफगाणी रबाब. व्हायोलिन युरोपातून आले. एकोणिसाव्या शतकात बालुस्वामी दीक्षितरांसारख्यांनी ते हाती घेतले आणि आज कर्नाटक संगीताची मैफल त्यावाचून बसत नाही. ज्या वीणेवर आपला सर्वांत जास्त दावा, तिचीही कथा अशीच आहे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर सम्राट मांडीवर वीणा घेऊन बसलेला दिसतो. ती वीणा धनुष्यासारख्या वाकड्या दांडीची आहे. सरस्वतीच्या तसबिरीत आपण पाहतो त्या वीणेशी तिचे नावापलीकडे फारसे नाते नाही. वाद्य गेले, नाव राहिले, आणि आपण नावालाच परंपरा समजून बसलो.

आमच्या शहराच्या उत्तरेला डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या सातव्या लेण्यात एक नर्तकी कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रिया आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी या डोंगराखाली जे वाजत होते, त्यातले आज आपल्या घरात काय उरले आहे? तरी या प्रदेशाचे संगीत बंद पडले नाही. वाद्ये बदलत गेली म्हणूनच ते चालू राहिले.

या बाबतीत सर्वांत बोलका दाखला पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा आहे. १८४२ साली पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने या वाद्याचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्यात त्याला हाताने ओढायचा भाता बसला, ते जमिनीवर मांडी घालून वाजवता येऊ लागले आणि देशभर पसरले. मग जाणकारांनी तक्रार सुरू केली. पेटीत बाराच ठरलेले स्वर. श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही. हे वाद्य आपल्या गळ्याचा घात करते. तक्रार शास्त्राच्या दृष्टीने खोटी नव्हती. तिचे वजन इतके पडले की १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. इंग्रज गेले, राज्य बदलले; बंदी तशीच राहिली. १९७१ साली ती सैल झाली. म्हणजे तब्बल ३१ वर्षे, देशातल्या सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गासमोर यायला या वाद्याला मनाई होती.

या ३१ वर्षांत पेटी मेली का? मेली नाही. ती जिवंत कोणी ठेवली, हा खरा प्रश्न आहे. गोविंदराव टेंब्यांसारख्या थोरांनी तिला प्रतिष्ठा दिली हे खरे, पण टेंबे गावोगाव नव्हते. गावोगाव होती ती भजनी मंडळे. मारुतीच्या देवळात गुरुवारी किंवा एकादशीला जमणारा शेतकरी, शिंपी, तलाठी, शाळामास्तर पेटीवर बोटे ठेवत होता आणि पखवाजाच्या संगतीने अभंग म्हणत होता. आपण ज्यावर हात ठेवला आहे ते वाद्य दिल्लीने बाद केले आहे, याची त्याला वार्ताही नव्हती. कीर्तनकाराच्या मागे, शाळेच्या प्रार्थनेत, घरातल्या मंगळागौरीला पेटी वाजतच राहिली. शेवटी शास्त्राला तिच्याकडे परत यावे लागले. आज तिला परकी म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. एखादे वाद्य आपले आहे की परके, हे पंडित ठरवत नाहीत आणि सरकारही ठरवत नाही. ते हौशी माणसांच्या हाताने ठरते. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी साठच्या दशकात गिटार मांडीवर आडवी घेऊन तीवर राग वाजवला. विश्वमोहन भट्टांनी तिचे रूप बदलून मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गझल गाणाऱ्या भूपिंदर सिंग यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवली आणि ती गझलेच्या मैफलीतही आणली. ही सगळी कामे मोठी आहेत. पण गिटार आपली होणार असेल तर ती या पुरस्कारांनी होणार नाही. हडकोतल्या गच्चीवर एखादा पोरगा चुकतमाकत एखादे भावगीत वाजवतो, त्याच्या आईला त्यातली ओळ ओळखू येते आणि ती स्वयंपाकघरातून त्याला साथ देते, तिथे ती होईल.

कोणी म्हणेल, गिटारच्या या वेडापायी आपली संबळ, तुणतुणे, सारंगी संपत चालली आहेत त्याचे काय? दुःख खरे आहे. निदान चुकीचे आहे. संबळ गोंधळ्याची होती. ती त्याची उपजीविका होती, त्याची जात होती. बाकीच्या गावाने ती ऐकली, लग्नकार्यात तिला बोलावले. पण आपण होऊन, हौसेने, कधी हातात धरली नाही. सारंगी कोठीवर वाजत होती म्हणून पांढरपेशा घराने ती उंबऱ्याच्या आत घेतली नाही. ज्या वाद्याला फक्त पोटासाठी वाजवणारे असतात आणि हौसेने वाजवणारे नसतात, ते वाद्य पोट भरेनासे झाले की मरते. संबळ गिटारने मारलेली नाही. संबळीला हौशे मिळाले नाहीत, आणि ते मिळू नयेत अशी व्यवस्था आपण शतकानुशतके जातीने आणि सोवळ्याने केली. आज त्या पापाची शिक्षा गिटार वाजवणाऱ्या पोराला कशासाठी?

३

दुसरा विरोध अधिक प्रतिष्ठित आहे. संगीत ही साधना आहे, ती हौस म्हणून करण्याची गोष्ट नव्हे, असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्यातले काही खरोखर मोठे आहेत. आमच्या शहरात पंडित नाथराव नेरळकरांनी आयुष्यभर शिष्य घडवले. २०२१ साली ते गेले. अशा माणसांच्या तपश्चर्येपुढे मान लववूनच मी पुढचे बोलतो आहे. साधनेला माझा विरोध नाही. साधक नसलेल्याला वाद्य हातात घेण्याचा अधिकार नाही, या विचाराला आहे.

हौस म्हणजे आळस, असे या मंडळींनी गृहीत धरलेले असते. त्यांनी एकदा गिटारची तार दाबून पाहावी. तार पोलादाची असते. पहिले काही आठवडे डाव्या हाताची बोटे हुळहुळतात. भाकरी मोडतानासुद्धा कळ येते. मग बोटांच्या टोकांना घट्टे पडतात आणि वेदना थांबते. तोवर कशीबशी दोन-तीन स्वरमेळांची, म्हणजे कॉर्डची, ओळख झालेली असते. मग एफ नावाची कॉर्ड समोर येते. तिच्यात एकट्या तर्जनीने पहिल्या पडद्यावर तारा आडव्या दाबायच्या आणि उरलेली बोटे पुढे वेगवेगळ्या तारांवर ठेवायची. पुष्कळांची गिटार याच ठिकाणी खाटेखाली जाते. जो टिकतो त्याला कोणी टिकवलेले नसते. त्याच्यापुढे गुरूची छडी नाही, परीक्षेची तारीख नाही, श्रोत्यांचा धाक नाही. दिवसभराच्या कामानंतर, डोळ्यांवर झापड असताना, तो तीच कॉर्ड शंभरदा लावतो आणि शंभरदा ती खरखरते. याला शिस्त म्हणायचे नसेल तर शिस्त कशाला म्हणतात, हे मला कोणी समजावून सांगावे.

शिस्तीबरोबर ज्ञानही येते. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. कानाने लावायच्या तर सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबून पाचवी मोकळी तार तिच्याशी जुळवायची, आणि असेच पुढे जायचे. फक्त तिसरीवरून दुसरी लावताना पाचव्याऐवजी चौथा पडदा धरायचा. दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, की त्यांच्या आवाजात एक थरथर ऐकू येते. जुळत जाताना ती थरथर मंद होते आणि शेवटी विरून जाते. ज्याने ती विरताना एकदा ऐकली, तो पुढे कोणाचाही तंबोरा नुसता ऐकत नाही. तंबोरा जुळला आहे की नाही हे त्याला कळते. हे काम आता मोबाइलमधले यंत्र करून देते. पण कानाने तार लावणारा हौशी जे शिकतो, ते संगीतावरच्या दहा व्याख्यानांनी येत नाही.

गिटारचे पडदे पक्के असतात, बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि बारा स्वरांची वाटणी समान केलेली असते. म्हणजे पेटीवरचा जुना आक्षेप इथेही लागू होतो. पण तो निम्माच लागू होतो. पडद्यावर दाबलेली तार आडवी ओढली की स्वर चढतो, जसा सतारीवर चढतो. पेटीला हे कधीच जमले नसते. ज्यांना गिटारमधून मींड काढायची आहे त्यांनी ती काढलेली आहे.

मग आमच्या हवेची गोष्ट. गिटार बनवणारे सांगतात की तिच्या लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्याचा वैशाख त्यांनी पाहिलेला नसावा. त्या दिवसांत लाकूड आटते, वरची फळी किंचित बसते, तारा पडद्यांना लागून झणझणतात आणि दांडीच्या कडेला पडद्यांची टोके बोटांना टोचू लागतात. आषाढ-श्रावणात लाकूड फुगते, तारा उंच होतात आणि त्या दाबायला जोर लागतो. आमचे हौशी लोक साबणाच्या डबीला भोके पाडतात, तीत ओला स्पंज ठेवतात आणि ती डबी गिटारच्या पेटीत टाकतात. हे त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवलेले नसते. आपल्या वस्तूवर जीव असला की माणूस हवामानही शिकतो.

एवढे सगळे करून शेवटी काय मिळते? सामान्य वादन मिळते. मी हे लपवत नाही. जी, सी आणि डी या तीन कॉर्डच्या आधाराने पुष्कळ सोप्या गाण्यांना साथ करता येते, इतपत. पण हेच तर या वाद्याचे वैशिष्ट्य आहे. पेटी आणि तबला मिळून जे काम करतात, ते स्वराचे आणि लयीचे दोन्ही काम एकटा माणूस मांडीवरच्या एका लाकडी खोक्यावर करतो आणि वर गातोही. म्हणून गिटार जगभर खलाशांची, मजुरांची, खानावळीतल्या गिऱ्हाइकांची सोबतीण झाली. युरोपातही तिला फार काळ मैफलीच्या योग्य मानत नव्हते. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३-१९८७) या स्पॅनिश वादकाने तिला मोठ्या सभागृहात नेले, आणि तोही बव्हंशी स्वतःच शिकलेला होता. गिटार हे मूळचेच हौशांचे वाद्य आहे. हा तिचा कमीपणा मानणाऱ्याने भजनालाही कमी लेखावे, कारण टाळ वाजवायला कोणी विशारद व्हावे लागत नाही.

इथे नवशांच्या मनातली खरी अडचण सांगतो. पैठण आमच्यापासून पन्नास किलोमीटरवर. तिथे नाथषष्ठीला दिंड्या येतात, तेव्हा हजारो टाळ वाजतात. त्या हजारांतले किती सुरेल आहेत, किती तालात आहेत, याची परीक्षा कोणी घेत नाही. एकनाथांच्या दारात चुकीचा टाळ वाजवणाराही वारकरीच. आपल्या संस्कृतीचे नाव घेणाऱ्यांनी तिच्यातली ही गोष्ट ध्यानात घ्यावी : बेसूर असण्याची मुभा हा आपल्या भक्तिपरंपरेचा गाभा आहे. ती मुभा देवळात चालते आणि घरात चालत नाही, हे कोणते शास्त्र?

४

नवशांशी वाद घालता येतो, कारण त्यांना संगीताविषयी काही वाटत असते. गवशांना संगीताशी कर्तव्य नसते. आणि आज हौशी माणसाचा खरा शत्रू गवशा आहे.

मी शाळेत शिकवतो. मुलाला एखादे वाद्य शिकवावे असे सुचवले, की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर, याचे दहावीला गुण मिळतात का? त्यांचा दोष नाही. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, चित्रकला यांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव गुण देण्याची सोय शासनानेच केली. हेतू चांगला असेल. परिणाम असा झाला की मुलगी प्रमाणपत्रापुरते गाते, गुण पदरात पडले की अकरावीच्या क्लासला जाते आणि तानपुऱ्यावर खोळ चढते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा संगीत मूठभरांच्या कोंडीतून सुटून सभ्य घरातल्या मुलामुलींच्या हाती यावे, ही त्यांची तळमळ होती. परीक्षा हे त्या कामाचे साधन होते. आपण साधन ठेवले आणि काम विसरलो.

प्रमाणपत्रांविषयी मी बोलावे हे काहींना खटकेल, कारण मॅट्रिकच्या पलीकडचे प्रमाणपत्र माझ्याजवळ नाही. पण त्यामुळेच मला एक गोष्ट दिसते. मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरी लिहिण्याआधी मला कोणी परवाना विचारला नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक भरत आले आहेत ते मास्तर, कारकून, डॉक्टर, गृहिणी यांच्या लेखणीने. त्यांच्यातल्या फार थोड्यांचे पोट लेखनावर चालले. मराठी साहित्य हे बव्हंशी हौशांचे साहित्य आहे आणि त्याची आपल्याला लाज वाटत नाही. नाटकाचेही तेच. राज्याची हौशी नाट्यस्पर्धा साठहून अधिक वर्षे चालत आली आहे आणि तिच्या नावात हौशी हा शब्द मानाने बसला आहे. मग वाद्य वाजवणाऱ्यालाच आपण पदवी का विचारतो?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचे आहे. अभ्यासक्रमातले आणि अभ्यासक्रमाबाहेरचे विषय यांच्यात पक्की भिंत असू नये, असे त्यात म्हटले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तर शंभराहून अधिक मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेला कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. कागद उत्तम आहेत. प्रत्यक्षात संगीताचा तास वेळापत्रकात असतो आणि त्या तासाला गणित चालते. मुख्याध्यापक म्हणतात, पालकांना हेच हवे. पालक म्हणतात, शाळा हेच करते. दोघेही खरे बोलतात, आणि दोघांच्या मध्ये मूल उभे असते.

जिथे गिटार शिकवली जाते तिथे तरी काय दिसते? तीस दिवसांत गिटार, अशी पाटी दिसते. एका क्लासमध्ये मी पाहिले की मुलांना वर्षभर एकच गाणे घोटवले जात होते, कारण ते गॅदरिंगला वाजवायचे होते. तार कशी लावायची ते त्यांना माहीत नव्हते; तारा सर लावून देत. त्या मुलांना वाद्य शिकवले गेले नाही, कार्यक्रम शिकवला गेला. याला जोड आता मोबाइलची. दोन कॉर्ड आल्या की चित्रफीत काढायची, ती चढवायची आणि किती जणांनी पाहिली ते मोजत बसायचे. पोराची बोटे अजून हुळहुळत असतात आणि त्याचे डोळे आकड्यावर लागलेले असतात. त्याचा आनंद त्याच्या खोलीतून उचलून परक्यांच्या हाती दिला गेला. उद्या आकडा वाढला नाही, की गिटार खाटेखाली.

गवशेपणा नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. एके काळी मुलगी पेटी शिके ती दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी. मुलाकडचे आले की एक पद वाजवून दाखवायचे. लग्न ठरले की पेटी माहेरी राहायची. सासरी कोणी तिला विचारले नाही की तुझी पेटी कुठे आहे. कित्येक बायांच्या बोटांत अर्धवट राहिलेली गाणी त्यांच्याबरोबरच गेली. त्या काळी गुणांच्या जागी नवरा होता, एवढाच फरक. आज चाळिशीतली एखादी बाई गिटार घेऊन बसते तेव्हा घरातले हसतात : आता या वयात? त्या हसण्याची मला चीड येते. मुलांचे डबे, सासूचे औषध आणि कचेरीतले काम यांतून उरलेला अर्धा तास तिने स्वतःसाठी ठेवला आहे. तिच्या दिवसातला तेवढा एकच अर्धा तास कोणाच्या उपयोगाचा नाही. तोही हिशेबात घ्यायचा?

५

हौशी माणसाची बाजू घेणारे काही भले लोक दोन युक्तिवाद करतात. ते मला पुरते पटत नाहीत. एक असा की आइन्स्टाइन व्हायोलिन वाजवत असे आणि सत्येंद्रनाथ बोस इसराज वाजवत. खरे आहे. पण त्यांना हौस माफ झाली ती त्यांच्या पदार्थविज्ञानामुळे. समुद्रगुप्ताला, पुढे काय, असे कोणी विचारले नाही. तो सम्राट होता. प्रश्न वाळूजच्या कामगाराचा आहे. दुसरा युक्तिवाद असा की हौशी माणसेच पुढे जाणकार श्रोते होतात. हेही खरे आहे. ज्याची बोटे हुळहुळली आहेत त्यालाच वादकाच्या बोटांची किंमत कळते. हौशे संपले की मैफली ओस पडतील. पण हौशाचे समर्थन त्याच्या उपयोगाने केले, की आपणही गवशांच्याच भाषेत बोलू लागतो. उद्या कोणी सिद्ध केले की हौशांचा कलेला काडीचा उपयोग नाही, तर काय त्यांच्या हातून गिटारी काढून घ्यायच्या?

माझे समर्थन वेगळे आहे. हे कारखान्यांचे शहर आहे. चिकलठाणा, मग ऐंशीच्या दशकात वाळूज, मग शेंद्रा, असे ते वाढत गेले. इथला माणूस आठ तास विकतो, दोन तास रस्त्यावर घालवतो, उरलेल्या वेळात मुलांचा अभ्यास घेतो. कारखान्यात त्याचे मोजमाप नगांनी होते, शाळेत त्याच्या मुलाचे टक्क्यांनी. मोजले जात नाही असे त्याच्या आयुष्यात काहीच उरलेले नाही. अशा माणसाने एखादी गोष्ट वाईट रीतीने, सावकाश, कोणालाही न दाखवता आणि कशासाठीही नव्हे अशी करावी, ही चैन नाही. तो नुसता हात किंवा नुसता ग्राहक नाही, याची त्याच्यापाशी उरलेली ती एक खूण आहे. एफ कॉर्ड एखाद्या रात्री अचानक स्वच्छ वाजते, सगळ्या तारा एकाच वेळी बोलतात आणि तो क्षणभर हात तसाच ठेवून बसतो. त्या क्षणाचे प्रमाणपत्र कोणी देऊ शकत नाही, आणि म्हणून तो कोणी काढूनही घेऊ शकत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. शाळेने आठवड्यातला एक तास असा ठेवावा की ज्यात मूल वाद्य वाजवील आणि त्या तासाची परीक्षा होणार नाही, गुण मिळणार नाहीत, गॅदरिंगही होणार नाही. त्या तासाला गणित घेणाऱ्या शिक्षकाला, मग तो माझा मित्र असला तरी, वर्गाबाहेर काढावे. पालकांनी मुलाला वाद्य घेऊन द्यावे आणि वर्षभर त्याविषयी एक शब्द विचारू नये. वर्षाने मुलाने ते सोडले तरी पैसे वाया गेले असे म्हणू नये; जत्रेत पाळण्यात बसलेल्याला खाली उतरल्यावर कोणी विचारत नाही की तू पोचलास कुठे. गुरुजनांनी आपल्या दाराशी आलेल्या चाळिशीच्या विद्यार्थ्याला, तुमच्याकडून आता काही व्हायचे नाही, असे सांगणे बंद करावे. त्याला ते ठाऊक आहे. ठाऊक असूनही तो आला आहे, यातच त्याचे मोठेपण आहे.

आणि हौशांनी स्वतः एक करावे. कोणी गिटार पाहून विचारले की वाजवता का, तर, छे हो, आपले उगीच, असे म्हणून मान खाली घालू नये. हो, वाजवतो, असे म्हणावे. बरे वाजवता का, असे त्याने पुढे विचारले तर, नाही, असे तितक्याच मोकळेपणाने सांगावे आणि तार लावायला घ्यावी.